घर खुलं आहे, असं तुम्ही म्हणालात

प्रिय बाबा,

काल तुमचा फोटो पाहिला. इथे भिलाईत, सुपेल्याच्या मैदानावर, मंचाच्या मागच्या कापडावर, माणसापेक्षा मोठा. निवडणुकीच्या जुन्या पत्रकावरून वाढवलेला असावा, कारण ओठांवर ते हसू होतं जे तुम्ही फक्त फोटोवाल्यासमोर हसायचात. त्या फोटोखाली खुर्चीवर मी बसले होते, आणि माइकसमोर रायपूरहून आलेले मोठे साहेब सांगत होते की ते या शहराच्या पाठीशी उभे आहेत.

मी कामाला जाते ते मेडिकल आज बंद आहे. सभेचा बंदोबस्त अजून उठला नाही, अर्ध्या बाजाराची शटर खालीच आहेत, म्हणून मालक म्हणाले, उद्याच या. आई गुडघ्यांना तेल चोळून पडली आहे. मी चहा केला, प्यायले, कप धुतला, आणि मग काही सुचेना. कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. पण हे सगळं पहिल्यापासून सांगत बसायची ताकद नाही राहिली, बाबा. ज्याला आधीचं माहीत आहे असा माणूस हवा होता. तुमच्याशिवाय कोण आहे?

घरात आपलं मले-तुले, दुकानात दिवसभर हिंदी, आणि लिहायला बसले की तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेली ही तिसरीच, पुस्तकी मराठी येते. चालवून घ्या.

परत तेच झालं. नाल्याचा पूल, मिरवणूक, कोणाचा तरी धक्का, कोणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत नाल्याच्या अलीकडे मुसलमानांची दुकानं जळाली आणि पलीकडे हिंदूंची. पुलावर पुन्हा लोखंडी बॅरिकेड आले. पहिल्या वेळी मी किती रडले होते, आठवतं? या वेळी मी दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि घरी येताना दूध घेतलं. एवढंच.

पहिल्या वेळी तुम्ही पार्षद, म्हणजे नगरसेवक, होतात. स्टील प्लांटमधून रिटायर होऊन निवडून आलेले, कोक ओव्हनच्या धगीत आयुष्य काढलेले, साकोलीकडचे वामनराव बोरकर. नळ, नाली आणि रस्त्यावरचा दिवा यापलीकडे तुम्ही कधी काही बोलला नव्हतात. मंगल भवनात शांतता सभा ठेवली होती. ज्यांनी बोलायचं होतं ते मोठे लोक आलेच नाहीत. शेवटी एका अधिकाऱ्याने तुमच्याकडे वळून म्हटलं, "पार्षद जी, आप ही दो शब्द बोल दीजिए."

तुम्ही माइक असा धरला होतात की जणू तो भाजतोय!

"भाइयों और बहनों, मेरे को भाषण देना नहीं आता," तुम्ही म्हणालात. खरंच येत नव्हतं. समोर एका बाजूला आपले लोक, एका बाजूला ते लोक, मधे रिकाम्या खुर्च्यांची रांग. मग तुम्ही एकदम म्हणालात, "जिसका घर जला है, इधर का हो या उधर का, उसके लिए मेरा घर खुला है. पता लिख लो. पानी टंकी के पीछे, नीला गेट."

काय टाळ्या वाजल्या होत्या! मीही वाजवल्या. माझ्या शेजारी आई बसली होती, तिने नाही वाजवल्या. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दोनच खोल्या आहेत आपल्या. यायले माहीत नाई का?"

बाबा, तुम्हाला वाटलं होतं का हो, की कोणी येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर पोहे खात होतात. गेट वाजलं. जुबेदा चाची होती. हातगाडीवर बांगड्या विकणारी. तेव्हा आपण तिला चाची म्हणतही नव्हतो. सोबत तिची सून शबनम, दिवस गेलेली, डोक्यावर चादरीचं गाठोडं. चाचीने गेटच्या रंगाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पार्षद साहब का घर यही है न? आपने बोला था कल."

तुमचा चमचा तसाच हवेत राहिला. मी दारात उभी होते, मला तुमचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी आईलाही सांगितला नाही कधी. मग तुम्ही ताटली बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आओ, आओ. नंदा, चहा ठेव बेटा."

दुपारी साहू नावाचा एक जण आला, बायको दुलारीला घेऊन. नाल्यापलीकडे त्यांची भाड्याची खोली होती, ती त्या बाजूच्या जमावाने जाळली होती. दुलारीने छातीशी शिलाई मशीनचं मुंडकं धरलं होतं, पायांचा सांगाडा तिथेच राहिला म्हणे. तिने आत पाऊल टाकलं, समोर शबनम बसलेली पाहिली, आणि पाऊल मागे घेतलं.

अशी आपल्या दोन खोल्यांची वाटणी झाली. आतल्या खोलीत चाची आणि शबनम, पुढच्या खोलीत साहू आणि दुलारी, आणि आपण चौघं स्वयंपाकघरात नि ओट्यावर. बाहेर पुलावर बॅरिकेड होतं, आपल्याकडे मधल्या दाराचा पडदा. कोणी कोणाशी बोलेना. दुलारीने पाण्यासाठी आपला तांब्या वेगळा ठेवला. चाचीने तो पाहिला आणि शबनमला मोठ्याने म्हणाली, "प्यास लगे तो मेरे को बोलना, मटके को हाथ मत लगाना, किसी का धरम भीग जाएगा." तुम्ही ऐकलं होतं ते. तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसलात!

आणि आई? सकाळी पोळ्या, दुपारी पोळ्या, संध्याकाळी भात टाकला तर साहू म्हणायचा, जास्तच टाका, उरलेल्यात रात्री पाणी घालून ठेवा, सकाळी तोच बासी खाऊ. आईची पाठ त्याच दिवसांत गेली. ती तुम्हाला एकदाच बोलली, तेही परात घासता घासता. "बोलणारे तुम्ही. रांधणारी मी."

तुम्ही उठून परात धरलीत तर तिने ती ओढून घेतली.

मग ते बादलीचं भांडण. नळ यायची वेळ, शबनमच्या आंघोळीसाठी चाचीने बादली भरली आणि दुलारी ओरडली की ती तिने लावलेली होती. "तोर बाप के बाल्टी हे का?" "हाँ, है! पूरे मोहल्ले में लिखवा दे!" दोघींचा आवाज पाणी टाकीपर्यंत गेला असेल. आई लाटणं घेऊन बाहेर आली. तिने हिंदीत बोलायची तसदीही घेतली नाही.

"बादली माझी आहे! नळ माझा आहे! आणि डोकं माझं दुखून राहिलं! दोघीही पोळ्या लाटाले बसा, नाई तर दोघीही निंघा!"

दोघी बसल्या. एकीच्या पोळ्या जाड, एकीच्या नकाशासारख्या. मैत्री वगैरे काही झाली नाही. ज्याला त्याला वाटतं की असं काही झालं असेल. नाही झालं. पण त्या दिवसापासून त्या भांडायच्या, आणि भांडण मिठाचं असायचं, दोरीवरच्या कपड्यांचं असायचं. आई म्हणायची, हे बरं आहे, हे समजते मले.

बाहेरचं मात्र समजण्यापलीकडे गेलं होतं. शेजारच्या काकू आपल्याकडून दही न्यायच्या त्या बंद झाल्या. तुमच्या पक्षाचे लोक आधी समजवायला आले, मग यायचेच बंद झाले. एका सकाळी गेटवर कोणीतरी काळं ऑइल ओतून गेलं होतं. तुम्ही रॉकेलने पुसत बसलात, आणि आपला धाकटा प्रवीण तुमच्या मागे उभा होता. त्याच्या हातात फोन होता. दुर्गहून त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा.

तुम्ही हात पुसून फोन घेतलात. मला इकडून एवढंच ऐकू आलं, "हो... हो... पाहा ना, तुमची पोरगी आहे, तुमाले पाहाच लागन." साखरपुडा झाला होता, बाबा! आईने सुनेसाठी साडी आणून ठेवली होती. त्यांचं म्हणणं वाईट शब्दांत नव्हतंच. घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, पण घरात सध्या जे चाललं आहे ते आमच्या नातेवाइकांना कसं सांगायचं.

प्रवीण म्हणाला, "बाबा, त्यायले सांगा ना, दोन-चार दिवसांत जातीन म्हून."

"कसं सांगू? कुठं जातीन ते?"

"मंग मी जातो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हळूच म्हटलं आणि बॅग भरली. आतल्या खोलीत चाची आणि शबनम, पुढच्या खोलीत साहू आणि दुलारी, सगळ्यांना ऐकू गेलं असेल, पडदाच तर होता मधे. कोणी खोकलंसुद्धा नाही. नागपूरला गाड्यांच्या शोरूममध्ये लागला तो, आणि तिथलाच झाला. लग्न अजून केलं नाही.

तो गेला त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसला होतात. मी काही विचारलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, "नंदा, बोलून बसलो मी."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय. बोललो ना."

बाबा, मला तुमचा राग येतो तो याचाच. तुम्ही साधुसंत असता तर मी मान खाली घालून गप्प बसले असते. तुम्ही साधे होतात. माइकच्या, त्या रिकाम्या खुर्च्यांच्या नादात तोंडातून निघून गेलं, आणि मग मागे घेता येईना. शब्द तुमचा होता, पण आईची पाठ त्यात तुम्ही देऊन टाकलीत, प्रवीणचं लग्न देऊन टाकलंत. आम्हाला कोणी विचारलं होतं का? एकदा तरी घरी येऊन विचारायचं होतं! आई नाही म्हणाली असती, मग समजूत काढली असती, मग हो म्हणाली असती. पण तिचं हो तिचं असतं ना?

आणि तरीही, त्या दोन बायका गेटवर उभ्या असताना तुम्ही दुसरं काय म्हणायला हवं होतं, हे मला आजवर सुचलेलं नाही.

महिना-दीड महिन्याने ते गेले. चाची नाल्याच्या अलीकडेच, जुन्या जागेवर पत्रे टाकून, साहू-दुलारी कुरुदला भाड्याच्या खोलीत. पुढच्या निवडणुकीला तुमचं तिकीट कापलं, दुबेजींना दिलं. त्यानंतरच्या थंडीत तुम्ही गेलात. प्रवीण आला, अग्नी दिला, आणि तेरवीला थांबला नाही. चाची आणि दुलारी दोघी आल्या होत्या, दोन वेगळ्या कोपऱ्यांत बसल्या, आणि दोन वेगळ्या वेळी निघून गेल्या. ते तुम्हाला दिसलं नसेल.

आता कालचं सांगते.

दुबेजी चार दिवसांआधी घरी आले. म्हणाले, मोठे साहेब येत आहेत, दुःखी शहराला धीर द्यायला. "वामन भैया तो एकता की मिसाल थे. बिटिया मंच पर बैठे, बस इतनी प्रार्थना है." आई स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "तिकीट कापलं तवा मिसाल नोहते का?" पण त्यांना चहा दिला. प्रवीणला फोन केला तर तो म्हणाला, "जाऊ नको ताई. त्यायले फोटो पाहिजे फक्त."

तरी मी गेले. कावून गेले? मला ऐकायचं होतं, बाबा. तुम्ही जे अडखळत बोललात ते इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून कसं वाटतं ते.

छान वाटलं, खोटं कशाला सांगू! आवाज काय, थांबणं काय! आधी लोखंडाचं बोलले. भिलाईत येणारा प्रत्येक पुढारी लोखंडाचं बोलतोच, ते झाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग म्हणाले, "मैं यहाँ नेता बनकर नहीं आया. आपका दुख मेरा दुख है. यह पूरा शहर मेरा परिवार है." मग तुमचं नाव घेतलं. "स्वर्गीय वामन बोरीकर जी." दुबेजी मागून पुटपुटले, बोरकर, बोरकर, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात, सवयीने.

टाळ्या थांबल्या आणि बायकांच्या बाजूने कोणीतरी उठलं. जुबेदा चाची! या वेळी तिची पत्र्याची खोलीही गेली आणि बांगड्यांची गाडीही, हे मला दुकानात कळलं होतं. शबनम माहेरी आहे, तेवढं बरं. चाचीने पदर कमरेला खोचला आणि ओरडली,

"साहब! परिवार बोले न आप? तो हम सामान लेके कब आएँ? घर का पता बोल दो!"

कोणीतरी हसलं. साहेबांचं हसू जागचं हललं नाही, हे मात्र मानायला हवं. "अम्मा, आपकी पीड़ा मैं समझता हूँ," ते म्हणाले. "प्रशासन पूरी व्यवस्था करेगा. यह मेरा वचन है." पुन्हा टाळ्या. दोन महिला पोलिसांनी चाचीला खांद्याला धरून खाली बसवलं. साहेबांचं भाषण आणखी थोडं चाललं आणि मग गाड्यांचा ताफा धूळ उडवत रायपूरकडे गेला.

पण बसता बसता चाचीने माझ्याकडे पाहिलं होतं.

माझ्या जिभेवर आलं होतं, बाबा. माइक दोन हातांवर होता. उठायचं, आणि तुमच्यासारखंच बोलून बसायचं. मग आईचे गुडघे आठवले. आता ती ओट्याच्या पायऱ्या उतरतानासुद्धा भिंत धरते. मी ठरवलं, आधी घरी जाऊन विचारायचं. जे तुम्ही केलं नाही ते करायचं.

विचारलं. आई पलंगावर पाय सोडून बसली होती. तिने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली, "नाई. या वेळी नाई. मी थकली आता, नंदा. मले कोणाचं वाईट नाई वाटत, चांगलंही नाई वाटत. मले फक्त निजू दे."

तिला तो हक्क नाही का?

पण चाचीने माझ्याकडे पाहिलं होतं. निदान तोंडावर जाऊन सांगावं म्हणून मी स्कूटी काढली. मंगल भवनात जळालेल्या घरांतल्या लोकांची सोय केली आहे, तिथे गेले. सतरंज्यांवर बायका बसल्या होत्या. चाची कुठे दिसेना. एक म्हातारी म्हणाली, "चूड़ी वाली? वो यहाँ कब रही? वो तो कुरुद में है, सिलाई वाली के पास."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

कुरुदला पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दाराशीच दुलारी मशीनवर बसली होती आणि तिच्या पायाशी चाची, ब्लाउजला हुक लावत. मला पाहून चाची म्हणाली, "लो, आ गई पार्षद की बेटी! मंच की कुर्सी नरम थी?"

"चाची, वो... आई की तबीयत ठीक नहीं है. घर में..."

"तेरे को किसने बोला मेरे को जगह चाहिए?"

"आप ही तो सबके सामने पूछ रही थीं!"

"वो तो मैं उसको पूछ रही थी," चाची म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "देखना था क्या बोलता है."

दुलारी तोंडात कापड कोंबून हसत होती. "मंय कहेंव, झन जा, पुलिस धर लेही. नइ मानिस!" मी जाऊ नको म्हटलं होतं, ऐकलं नाही हिनं. मी तिला विचारलं, ही इथे कशी? तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी आहे. "आ गे, त का करबो? भगा देतेंव का?"

आली, तर काय करणार? हाकलू का? बस, एवढंच कारण होतं तिच्याकडे. "और इसके खाने में नमक नहीं रहता, वो भी लिख ले," चाची म्हणाली.

साहू बाहेर खाटेवर बसला होता. तो हसत नव्हता. मी निघाले तेव्हा तो स्कूटीपर्यंत आला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, मकान मालिकाने सांगितलंय, महिना संपायच्या आत या बाईला काढा, नाही तर तुम्हीही निघा. "मैंने बोला दुलारी को. सुनती नहीं है." मग त्याने विचारलं, "प्रवीण बाबू का ब्याह हुआ?"

"नहीं, भैया."

तो जमिनीकडे पाहत राहिला. "वो हमारे कारण टूटा था. हम पर्दे के पीछे सब सुने थे. उस दिन दुलारी ने खाना नहीं खाया, उधर जुबेदा ने भी नहीं खाया. बोलते तो क्या बोलते? निकल जाते तो कहाँ जाते?" मग म्हणाला, "बाबू को कहना, हमको मालूम है. हम भूले नहीं हैं."

बाबा, इतकी वर्षं प्रवीणला असं वाटतं की त्याचं सगळं गेलं आणि कोणाला साधी खबरही नाही. तुम्हीही त्याला कधी म्हटलं नाहीत. मीही नाही. आपण सगळे तो विषय टाळत राहिलो, आणि पडद्यामागे ज्यांनी ऐकलं तेच तेवढे ते ओझं वागवत राहिले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती उठून बसली.

"दुलारीकडे गेली? माझ्याकडे नाई आली?"

"आई, तूच तर नाही म्हटलं."

"मी तुले नाई म्हटलं. तिले म्हटलं का?"

आता काय बोलणार यावर! मग सकाळपासून चालू आहे, दुलारीच्या खोलीत खिडकी आहे का, मोरी आत आहे का बाहेर, मालिक कोण आहे, कुठला आहे. मी म्हटलं, तुला निजायचं होतं ना? तर म्हणे, "निजली ना रातभर."

हे लिहिलं म्हणजे सगळं बरं झालं असं समजू नका. पुलावर अजून बॅरिकेड आहे. दुबेजींच्या फोनवर साहेबांच्या भाषणाचा व्हिडिओ फिरतो आहे, त्यात चाची कापली आहे. महिना संपायला फार दिवस नाहीत, आणि कुरुदचा तो मालिक ऐकणारा माणूस वाटत नाही. मी थकले आहे, बाबा. तुम्ही कधी थकलात का? तुम्ही तसं बोलून दाखवलं नाहीत, म्हणून विचारते.

तुम्ही बोलून बसलात, त्याचं काय काय झालं ते तुम्हाला कळायला हवं होतं. फार काही झालं नाही. दुलारीला एवढंच कळलं की कोणी आलं तर हाकलायचं नसतं. ते तिला त्या मंगल भवनातल्या भाषणातून कळलं असेल असं मला वाटत नाही. आईच्या लाटण्यातून कळलं असेल.

रविवारी आईला कुरुदला नेते. महिन्याअखेरीस त्या तिघांवर वेळ आली तर आपल्याकडे काय करायचं, ते तिला आजच विचारून ठेवते, आणि ती जे म्हणेल तेच बाहेर सांगते. तुमचा फोटो पुन्हा कोणाच्या मंचावर जाऊ देणार नाही, मीही जाणार नाही. आणि सुटी मिळाली की नागपूरला जाते, प्रवीणकडे; आईला विचारलं, ती जा म्हणाली. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. तुमची बाजू मांडणार नाही, त्याने तुम्हाला माफ करावं असंही म्हणणार नाही. साहूचा निरोप आहे, तो त्याच्यासमोर बसून देईन, आणि त्याला जे बोलायचं असेल ते संपेपर्यंत ऐकून घेईन. हा माझा शब्द. घरात विचारून दिलेला.

तुमची
नंदा